शिवेवरची वाट

'निसर्गवाट' हा शब्द अलीकडे आपल्या कानांवर वारंवार पडतो. राष्ट्रीय उद्यानांत अशा वाटा आखलेल्या असतात, झाडांच्या बुंध्यांवर नावांच्या पाट्या असतात, आणि शाळांच्या सहली बसगाड्यांतून तेथवर जाऊन दोन तास चालून परत येतात. ही कल्पना तशी फार जुनी नाही. न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील कीटकशास्त्रज्ञ फ्रँक लुट्झ ह्यांनी १९२५ साली टक्सिडो गावाजवळच्या रानात एक पायवाट निवडली, वाटेवरच्या झाडाझुडपांना माहितीच्या चिठ्ठ्या बांधल्या आणि लोकांना एकटे, आपल्या गतीने चालण्यास मोकळे सोडले. चालणाऱ्याला गुरू नको, वाटच गुरू होईल, अशी त्यांची धारणा होती. पुढे ही पद्धत जगभर पसरली. आपल्याकडे १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने गोरेगावच्या आपल्या केंद्रातून मुंबईच्या मुलांना असेच रानवाटांवर नेले.

ह्या साऱ्याचे आम्हांला कौतुकच आहे. परंतु प्रस्तुत लेखात आम्ही जिच्याविषयी लिहू इच्छितो ती वाट कोणी आखलेली नाही, तिच्यावर पाट्या नाहीत, आणि तिच्या आसपास रान म्हणावे असेही काही उरलेले नाही. जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. त्या गावाची शीव, शिवेला जाऊन मिळणाऱ्या पाणंदी आणि त्या टापूतील नद्यांचे उतार हा आमचा विषय आहे. जालना हा राज्यातील सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. पाऊस बेताचा, जमीन बहुतेक नांगराखाली, उन्हाळा कडक. निसर्गवाट पाहायला अशा मुलखात कोण येणार, असे कोणीही विचारील. तरीही ह्या वाटांना जेवढा इतिहास आहे, तेवढा पुष्कळशा प्रसिद्ध वनांतील वाटांना नसेल.

प्रारंभ गावाच्या नावापासूनच करावा लागतो. टेंभुर्णी हे झाडाचे नाव आहे. विदर्भात ज्याला तेंदू म्हणतात आणि ज्याच्या पानांत विडीची तंबाखू गुंडाळली जाते, तेच हे झाड. उन्हाळ्यात त्याला पिवळसर, गोड, थोडी तुरट फळे येतात. त्यांना टेंभरे म्हणतात. खोडाच्या गाभ्यातील लाकूड काळेभोर असते. १७९५ साली विल्यम रॉक्सबर्ग ह्या स्कॉटिश वैद्याने कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या आपल्या ग्रंथात ह्या झाडाला जे शास्त्रीय नाव दिले, त्यातील 'मेलॅनोक्झायलॉन' ह्या ग्रीक पदाचा अर्थ काळे लाकूड असाच आहे. राज्यात तेंदूच्या पानांचा व्यवहार एवढा मोठा की, १९६९ साली शासनाने वनोपजाच्या व्यापारावर नियंत्रण आणणारा कायदा केला. आज हे झाड म्हटले की गडचिरोली-गोंदियाची अरण्ये डोळ्यांपुढे येतात. जालना जिल्ह्यातील एका मोठ्या बाजाराच्या गावाने आपले नाव त्याच्यावरून घेतले असेल, हे पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही.

गावाला झाडाचे नाव पडते ते त्या झाडाने कोणाला तरी तेथे थांबविले, सावली दिली, खूण दाखविली म्हणून. मराठवाड्याचा कोणताही नकाशा उघडावा आणि केवळ गावांची नावे वाचीत जावे: वडगाव, पिंपळगाव, पळसखेडा, बोरगाव, बाभूळगाव, चिंचखेडा, उंबरखेडा, सावरगाव, हिवरा. ही एखाद्या वनाधिकाऱ्याची यादी वाटावी. सावर म्हणजे काटेसावर, आणि हिवर म्हणजे पांढुरक्या सालीचे काटेरी झाड, बाभळीचे भावंड, हे आता कित्येकांना सांगावे लागते. जेथे सरकारी दप्तरांत वनाची नोंद नाही तेथेही ही नावे शाबूत आहेत, आणि आमच्या मते त्या मुलखाच्या वनस्पतींचा सर्वांत जुना दाखला तोच आहे.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. टेंभुर्णीच्या शेजारच्याच तालुक्याचे गाव भोकरदन. नाव ऐकताच भोकराचे झाड आठवते, ज्याच्या चिकट फळांचे लोणचे घालतात ते. परंतु भोकरदन हे मूळचे भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्या लोकांनी दगडावर आपल्या गावाचे नाव कोरविले, त्यांत भोगवर्धनचे रहिवासीही आहेत. लोकांच्या जिभेवर संस्कृत नाव झिजले आणि झिजताना ते एका ओळखीच्या झाडाजवळ येऊन थांबले, एवढाच त्याचा अर्थ. नावांवरून इतिहास वाचणाऱ्याने आपल्या पहिल्या तर्कावर लगेच विश्वास ठेवू नये.

भोकरदनचे मध्य भारताशी असलेले हे नाते पायवाटांनीच जोडलेले होते. सातवाहनांच्या काळी पैठणहून निघणारा मार्ग ह्याच टापूतून अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे आणि पुढे उज्जयिनीकडे जात असे. १९७३ साली शां. भा. देव आणि रा. श्री. गुप्ते ह्या संशोधकांच्या मार्गदर्शनाखाली भोकरदन येथे उत्खनन झाले, तेव्हा तेथे हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तिचे साम्य इटलीतील पाँपेई नगरात १९३८ साली मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या नगरात आपल्या ह्या बाजूच्या घडणीची मूर्ती कशी पोहोचली? जहाजातून, हे उघडच आहे. पण बंदरापर्यंतचा प्रवास बैलांच्या पाठीवरून आणि माणसांच्या पायांनी झाला. केळना आणि पूर्णा ह्यांच्या उतारांतून तेव्हा कोण कोण पाय ओले करून गेले असेल, ह्याची कल्पना करतानाही मन थक्क होते.

मग तेराव्या शतकात ह्याच मुलखात चक्रधरस्वामी फिरले. महानुभाव पंथाचा सारा आरंभकाळ चालण्याचा आहे. स्वामी एका गावी फार काळ राहत नसत. भोकरदन तालुक्यातील जाळीचा देव हे स्थान आजही त्यांच्या स्मृतीने ओळखले जाते, आणि जाळी म्हणजे झुडपांची दाट गुंफण. म्हणजे येथेही देवस्थानाला नाव मिळाले ते वनस्पतींवरूनच. स्वामींच्या पश्चात त्यांचे अनुयायी त्या त्या जागा शोधीत हिंडू लागले, आणि चौदाव्या शतकात मुनी व्यास ह्यांनी 'स्थानपोथी' सिद्ध केली. स्वामी कोठे बसले, कोठे थांबले, ते ठिकाण गावाच्या कोणत्या दिशेला, देऊळ कोणत्या अंगाला, अशा नेमक्या खुणा तीत नोंदविल्या आहेत. पुस्तक हाती घेऊन वाट चालावी आणि जागोजाग थांबून पाहावे, हे लुट्झच्या चिठ्ठ्यांच्या सहाशे वर्षे अगोदर मराठीत घडून गेले आहे. आपल्या भाषेतील ह्या पोथीकडे भाषाशास्त्रज्ञांनी पाहिले, भूगोल शिकविणाऱ्यांनी मात्र फारसे पाहिले नाही, ह्याचे आम्हांला वाईट वाटते.

पण ज्या प्रसंगाने ह्या मुलखाची एक साधी गावपायवाट जगाच्या इतिहासात गेली, तो घडला २३ सप्टेंबर १८०३ रोजी, असई गावाजवळ.

असई हे ह्याच जालना जिल्ह्यातील लहानसे गाव. केळना आणि जुई ह्या दोन नद्या तेथे काही अंतर जवळजवळ समांतर वाहतात आणि पुढे एकमेकींना मिळतात. त्यांच्यामध्ये जिभेसारखी निमुळती जमीन सुटते. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले ह्यांची एकत्रित फौज तेथे उतरली होती. केवळ कवायती पायदळच दहा हजारांवर होते, तोफा शंभरावर, आणि घोडदळ तर मोजदादीपलीकडे. पायदळाचा सेनानी पोलमन हा मूळचा हॅनोव्हरचा जर्मन. समोर आलेल्या इंग्रज सैन्याचा प्रमुख आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूच्या विजयाने ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्ध झालेला. त्याच्याजवळ सारे मिळून दहा हजारही माणसे नव्हती. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी तुकडी येऊन मिळायची होती, पण वाट पाहत थांबावे तर समोरची फौज निघून जाण्याची भीती.

मराठी फौजेपुढे केळना नदी खंदकासारखी पसरली होती. जो उतार सर्वांना ठाऊक होता, त्याच्यावर तोफा रोखलेल्या होत्या. वेलस्लीने आपल्या वाटाड्यांना विचारले. दुसरा उतार जवळपास नाही, असे त्यांनी ठासून सांगितले. तेव्हा तो स्वतः नदीच्या बाजूने पुढे गेला आणि दुर्बिणीतून पाहू लागला. मराठी फौजेच्या डाव्या बगलेपलीकडे नदीच्या अलीकडच्या काठावर एक गाव होते आणि अगदी त्याच्यासमोर पलीकडच्या काठावर दुसरे. इंग्रजी कागदपत्रांत त्यांची नावे पीपलगाव आणि वारूर अशी आढळतात, म्हणजे आपले पिंपळगाव आणि वरूड. वेलस्लीने विचार केला की, दोन गावे अशी समोरासमोर वसलेली असतील तर त्यांच्यामध्ये जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे. सोयरीक असेल, बाजार असेल, गुरे असतील. नदी ओलांडल्यावाचून शेजार घडत नाही. त्याने कॅप्टन जॉन्सन ह्या अभियंत्याला पाहणीसाठी पाठविले. उतार होता. दुपारी इंग्रज फौज त्या उतारातून पलीकडे गेली.

पुढचे युद्ध सर्वश्रुत आहे. पोलमनने आपली रांग वळवून नव्या दिशेला तोंड करून उभी केली. तोफांनी इंग्रजांची दाणादाण उडविली. स्वतः वेलस्लीचा एक घोडा गोळीने पडला आणि दुसऱ्याला भाला लागला. इंग्रजांकडील ४२८ माणसे ठार झाली आणि हजारांवर जखमी झाली. एवढ्या लहान सैन्याला ही किंमत भयंकर होती. मराठ्यांची हानी त्याहून कितीतरी अधिक, आणि शंभराजवळ तोफा हातच्या गेल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव येथे झालेल्या दोन तहांनी भोसले आणि शिंदे ह्यांचे बळ खचले. वृद्धपणी आपल्या सर्वांत चांगल्या लढाईविषयी विचारले असता वेलिंग्टनने वॉटर्लूचे नव्हे, असईचे नाव घेतले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे.

ह्या लढाईवर इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले, आणि त्या लेखनात वेलस्लीच्या त्या तर्काचे फार कौतुक होते. कौतुक योग्यच आहे. पण आमचे मन रेंगाळते ते पिंपळगाव आणि वरूड येथल्या त्या माणसांपाशी, ज्यांच्या रोजच्या येण्याजाण्याने तो उतार मळला होता. त्यांनी तो कोणत्याही सेनापतीसाठी मळविला नव्हता. डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया, बैलांचे कासरे धरलेली पोरे, माहेरी निघालेली एखादी सून, अशांनी ती वाट केली. आणि त्या वाटाड्यांचे काय? त्यांना खरोखरच उतार ठाऊक नव्हता असे आम्हांला वाटत नाही. नदीकाठच्या माणसाला आपल्या नदीचा उतार ठाऊक नसणे अवघड. परक्या फौजेला आपल्या गावची वाट दाखवायची नाही, एवढे त्यांनी मनाशी ठरविले असावे, असा आमचा कयास आहे. ज्याने दोन गावे पाहून वाट ओळखली त्याचे नाव इतिहासात राहिले; ज्यांनी वाट लपविली त्यांचे राहिले नाही.

लढाईनंतर ह्या भूमीवर निजामाचा अंमल १९४८ सालच्या सप्टेंबरापर्यंत राहिला. त्या काळातच मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी झाली आणि गावोगावचे नकाशे तयार झाले. वाटांच्या दृष्टीने हे नकाशे फार मोलाचे आहेत. गावनकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवितात आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने. शिवेवरून जाणाऱ्या वाटा, म्हणजे शिवरस्ते, दोन गावांच्या मधोमध असल्यामुळे एका गावाच्या म्हणून सांगता येत नाहीत. गाव म्हणजे पांढरी आणि शेत म्हणजे काळी, असा आपला जुना शब्दव्यवहार. पांढरीतून काळीत आणि काळीतून शिवेपर्यंत माणसाला, बैलाला, गाडीला कोठून जाता येईल, हे त्या तुटक रेषा सांगतात.

कागदावर त्या रेषा आहेत. जमिनीवर मात्र त्या दर वर्षी थोड्या थोड्या बारीक होत गेल्या. भावाभावांत वाटण्या झाल्या, शेताचे तुकडे पडले, आणि एक-दोन तास जास्त नांगरता यावेत म्हणून बांध कोरला गेला. नांगराचा फाळ प्रत्येक हंगामाला वीतभर सरकतो, आणि दहा वर्षांनी पाणंदीतून बैलगाडी जात नाही. मग तक्रारी होतात. १९०६ सालच्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने वहिवाटीच्या वाटेतील अडथळा दूर करण्याचा अधिकार मामलेदाराला, म्हणजे आजच्या तहसीलदाराला दिला. १९६६ सालच्या जमीन महसूल संहितेने बांधावरून वाट देण्याची तरतूद केली. २०२१ साली शासनाने शेत-पाणंद रस्त्यांसाठी 'मातोश्री' नावाची योजना आणली. कायदे पुरेसे आहेत. तरी तहसील कचेऱ्यांत वाटांचे दावे पडून असतात, आणि कित्येक घरांत सख्खे भाऊ एका पायवाटेपायी बोलेनासे होतात. आपल्या धर्मग्रामांतही ही उदाहरणे अनोळखी नाहीत. वसईच्या वाडीत असो की मराठवाड्याच्या शिवारात, बांधाचे भांडण सारखेच कडू असते.

आणि पाणंद गेली की तिच्यासोबत दुसरेही बरेच काही जाते, ज्याची नोंद तहसीलदाराच्या निकालात नसते. शेतीच्या मुलखात रानाचा उरलेला अंश राहतो तो ह्या वाटांच्या कडेलाच. टेंभुर्णीच्या बाजूच्या कोणत्याही जुन्या पाणंदीने पावसाळ्यानंतर चालत जावे. दोन्ही अंगांना कपाशी, तूर, सोयाबीन उभे असते. त्यांच्यामध्ये वाटेच्या काठाला पिवळ्या फुलांचा तरवड, रुईची झुडपे, बोरी, बाभळी, मध्येच एखादा हिवर, लिंब तर ठायी ठायी. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबतात. तारेवर वेडे राघू आणि कोतवाल बसलेले असतात. पडीक तुकड्यावर टिटवी ओरडत उठते. कापूस वेचायला निघालेल्या बाया ह्या साऱ्यातील निम्म्या वनस्पतींची नावे आणि उपयोग सांगू शकतात: कोणत्या सालीने कातडे कमावीत, कोणता पाला शेळी खाते, कोणता खात नाही. मारुती चितमपल्लींनी विदर्भाच्या अरण्यांत अशाच माणसांच्या तोंडून झाडापाखरांची नावे वेचून मराठीत आणली. मराठवाड्याच्या पाणंदींवर ते काम अजून व्हायचे आहे, आणि ती नावे ज्यांच्या तोंडी आहेत त्या बाया आता साठी-सत्तरीच्या आहेत.

शीव चालण्याची रीत आपल्या ख्रिस्ती परंपरेलाही परकी नाही, हे येथे सांगितले पाहिजे. पाचव्या शतकात, इसवी सन ४७० च्या सुमारास, आजच्या फ्रान्समधील व्हिएन येथील बिशप संत मामेर्त ह्यांनी संकटांच्या काळात स्वर्गारोहणाच्या सणाआधी तीन दिवस उपवास आणि प्रार्थनेच्या मिरवणुका सुरू केल्या. पुढे ह्या 'रोगेशन'च्या मिरवणुका साऱ्या पश्चिम युरोपात पसरल्या. धर्मगुरू आणि गावकरी शेतांमधून जात आणि पिकांना आशीर्वाद देत. इंग्लंडमध्ये ह्या मिरवणुका धर्मग्रामाच्या हद्दीवरून निघू लागल्या. लहान मुलांना मुद्दाम सोबत नेत आणि सीमेच्या दगडांपाशी थांबवीत, अशासाठी की म्हाताऱ्यांच्या मागे हद्द ठाऊक असलेले कोणीतरी राहावे. नकाशे नव्हते तेव्हा मुलांचे पाय हाच नकाशा होता. १९६९ सालच्या दिनदर्शिकेच्या फेररचनेनंतर हे दिवस कसे पाळायचे ते त्या त्या देशाच्या बिशप परिषदेवर सोपविण्यात आले, आणि पुष्कळ ठिकाणी ते विस्मरणात गेले. आपल्याकडे मुंबई-वसईच्या किनाऱ्यावर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होणारा 'आगेरा', नव्या भाताच्या लोंब्यांचा आशीर्वाद, हा त्याच कुळातील सण म्हणावा लागेल. शेते गेली त्या गावांतही लोंब्या बाहेरून आणून आगेरा होतो. पण लोंबी शेतातून देवळापर्यंत चालत येणे आणि बाजारातून गाडीने येणे ह्यांत अंतर आहे, असे जुनी माणसे म्हणतात, आणि आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत.

मराठवाड्यातील एखाद्या शाळेने गावनकाशाची प्रत काढून, एकेरी तुटक रेषेवर बोट ठेवून, मुलांना ती वाट प्रत्यक्ष चालायला लावली तर भूगोल, इतिहास, वनस्पतिशास्त्र आणि कायदा हे चारही विषय एका सकाळी होतील. बसगाडी लागणार नाही. प्रवेशपत्रिका लागणार नाही. एखाद्या ठिकाणी रेषा कपाशीत शिरून नाहीशी झालेली आढळेल, तेव्हा मुले प्रश्न विचारतील. त्यांचे उत्तर देण्याचे धैर्य शिक्षकांपाशी आणि पालकांपाशी असले म्हणजे झाले.

राहता राहिली टेंभुर्णी. हे झाड रोप लावून वाढविणे कठीण. त्याचे सोटमूळ खोल जाते, रोपाची वाढ अतिशय मंद असते, आणि रोप एका जागेवरून उपटून दुसरीकडे लावले तर सहसा जगत नाही. ते पसरते मुळांवरून. जमिनीखाली आडव्या गेलेल्या मुळांना ठिकठिकाणी फुटवे येतात, आणि वरचे खोड तोडले, जाळले, गुरांनी खाल्ले तरी खालचे मूळ वर्षानुवर्षे जिवंत राहून पुनःपुन्हा कोंब वर पाठविते. विडीसाठी जी कोवळी, रुंद पाने खुडतात ती अशाच फुटव्यांची. त्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपे मुद्दाम छाटतात. म्हणून नांगरलेल्या शेतात टेंभुर्णी दिसत नाही. जेथे फाळ फिरत नाही अशा जागी, म्हणजे गायरानात, ओढ्याच्या दरडीवर, रुंद राहिलेल्या बांधावर आणि शिवेच्या वाटेच्या कडेला, ती अजून फुटू शकते. उन्हाळ्याच्या आरंभी, बाकी सारे वाळलेले असताना, तिची नवी पाने तांबूस निघतात, आणि थोड्याच दिवसांत हिरवी होतात.